दोऱ्याने टाचलेल्या चिठ्ठ्या

१ फेब्रुवारी, सोमवार

घड्याळमास्तरांच्या सांगण्यावरून ही वही सुरू करतोय. मास्तर म्हणजे आमच्या सलूनचं जुनं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त, डोक्यावर मोजून चाळीस केस, आणि ते कापायला दर पंधरा दिवसांनी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हजर. म्हणाले, "लेखकाला शिस्त हवी. रोज किती लिहिलं, नाही लिहिलं तर का नाही, सगळं नोंदवा. आणि वहीत स्वतःशी खोटं बोलायचं नाही."

बरं, खरं बोलतो. एकतीस वर्षं लोकांचे केस कापले. एका डुगडुगत्या स्टुलावर सुरू केलेल्या दुकानाचं तीन खुर्च्यांचं सलून केलं. माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड बांधलं की आपोआप बोलायला लागतो. समोर आरसा, मागे मी. मी हात चालवायचो आणि ऐकायचो. एखादं वाक्य कानात रुतलं की चिठ्ठीवर टिपून खिशात. त्यातून गोष्टी झाल्या. दहा गोष्टी एका साप्ताहिकात छापून आल्या, लोकांना आवडल्या, आणि आता त्यांचं पुस्तक निघणार आहे. संपादकबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "दहावर पुस्तक होत नाही. आणखी सहा हव्यात. ३१ मार्चला हातात नसतील तर तुमची जागा दुसऱ्या पुस्तकाला जाईल."

म्हणून आजपासून सलून धाकट्या भावाकडे आणि मी पूर्ण वेळ लेखक. सगळ्या गल्लीला सांगून बसलोय. आता नाही जमलं तर कुठल्या तोंडाने परत कात्री धरायची?

लिहिलं : शून्य ओळी. पण आज पहिलाच दिवस.

२ फेब्रुवारी, मंगळवार

लिहायला खोली हवी. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मागची खोली तशी रिकामीच. तशी म्हणजे, हिचं, माझ्या बायकोचं, शिलाई मशीन होतं तिथे, खिडकीखाली, आणि शेजारी एक बुटकं स्टूल. सलूनमधून आलो की मी त्या स्टुलावर टेकायचो. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरलेल्या असायच्या. खिशातल्या चिठ्ठ्या काढून हिला वाचून दाखवायचो, आज अमका असं म्हणाला, तमका तसं म्हणाला. मशीनचा खडखडाट चालूच. तेवढ्यात चहा व्हायचा.

तर आज ते मशीन भावाला हाताशी घेऊन आतल्या बोळात हलवलं.

"अहो, मग मी शिवू कुठे?" ही म्हणाली.

"बोळात. दिवा लावून घे."

"आणि स्टूल?"

"स्टूल कशाला लागतंय आता? मी टेबलखुर्चीवर बसणार."

खिडकीखाली नवं टेबल आलं. टेबलावर दिवा, पेनं, कोरे कागद. दारावर पाटी लावली : काम चालू आहे, आत येऊ नये. पाटी पाहून भाऊ म्हणाला, "दादा, आत ऑपरेशन आहे का?"

५ फेब्रुवारी, शुक्रवार

मास्तरांनी वेळापत्रक आखून दिलं. सहा ते आठ लेखन, आठ ते सव्वाआठ न्याहारी, सव्वाआठ ते अकरा लेखन. मी सहाला बसलो. साडेसहाला पेन पुसलं. सातला टेबलाचे खण पुसले. मग खुर्चीचा पाय करकरतोय म्हणून त्याला तेल घातलं. मग हात तेलकट झाले म्हणून साबणाने धुतले. अकराला उठलो तेव्हा टेबल आरशासारखं होतं आणि कागदही.

संध्याकाळी हिने रोजच्यासारखं विचारलं, "आज काय?"

"आज काय असणार? घरातच तर होतो."

ही बोळात गेली.

लिहिलं : चार ओळी. खोडल्या : पाच. (पाचवी कालची होती.)

१० फेब्रुवारी, बुधवार

वीट आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी सकाळपासून काहीतरी कुटतंय. खालच्या घरातला माणूस फोनवर बोलतो तो असा, की फोन नसता तरी पलीकडच्याला ऐकू गेलं असतं. आणि बोळातून मशीनचा खडखडाट. सलूनमध्ये तीन कात्र्या, फवारा, रेडिओ आणि दहा तोंडं एकदम चालू असायची तरी मला एकेक शब्द वेगळा ऐकू यायचा. इथे एक मशीन चाललं तर डोकं उठतं.

दार उघडून म्हटलं, "जरा थांबवतेस का ते?"

थांबलं. मग इतकी शांतता झाली की तीही सोसवेना.

हल्ली ही फार बोलत नाही. गुडघा दुखत असणार. तिथे बोळात ओल आहे.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीकडे बघवत नाही. टेबलावर चहाचे पाच कप, पैकी एकात मुंग्यांनी घर केलंय. काल खाल्लेल्या केळ्याची साल वेळापत्रकावर, बरोबर "सव्वाआठ ते अकरा" वर. चुरगाळलेल्या कागदांनी कोपरा भरला. शी! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या केसांवरून झाडू फिरवला, पण कधी किळस वाटली नाही. आज स्वतःच्याच अक्षराची वाटली. आरशात पाहिलं तर आठ दिवसांची दाढी. असलं थोबाड घेऊन कुणी आला असता तर मीच म्हटलं असतं, "काका, आजारी होता का?"

पण कारण सापडलं. मी अव्यवस्थित आहे! डोक्यातला माल चांगला आहे, लावलेला नाही. कपाटात बिस्किटांचे नऊ डबे आहेत, त्यांत सगळ्या चिठ्ठ्या. मी त्या संध्याकाळी मशीनवर टाकून हात धुवायला जायचो, ही उचलून ठेवायची. आज डबे उघडले आणि डोक्याला हात लावला. तीन-तीन, चार-चार चिठ्ठ्यांच्या गड्ड्या, सगळ्या सुईदोऱ्याने टाचलेल्या! पांढरा दोरा, मधूनच लाल. त्या वेळी मशीनवर जो असेल तो ओवला असणार. शे-दीडशे गड्ड्या. एकीत टकलाची गोष्ट, त्यालाच बुटांची जोडलेली. कुणाचा कुणाला पत्ता नाही. असल्या गबाळ्या कारभारात माणूस काय लिहिणार?

उद्यापासून नीट वर्गवारी.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवसांत काम फत्ते. सलूनमधली माझी जुनी कात्री आणवून घेतली. एकेक गड्डी हातात घ्यायची, कच् करून दोरा कापायचा, चिठ्ठ्या सुट्या. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं, लयच सापडली. लाल दोऱ्याच्या वीस-पंचवीस असतील. त्यांना टाके जास्त, वेळ खाल्ला. सगळ्या चिठ्ठ्या पाच खोक्यांत लावल्या, वर नावं : विनोदी, दुःखद, आजारपण, नातीगोती, इतर. जमिनीवरचे दोरे झाडून केरात टाकले.

एकच जरा अडलं. एका चिठ्ठीवर होतं, "डॉक्टर म्हणाले चाला. मी विचारलं, कुणाकडे?" हे विनोदी की आजारपण? शेवटी विनोदीत टाकली.

ही चहा घेऊन आली. पाटी असूनही आली. माझ्या हातात केर भरलेलं सुपलं बघून तशीच उभी राहिली.

"हे सगळे तुम्ही कापले?"

"मग! आता बघ कसं हातासरशी सापडेल."

"विचारायचं तरी होतं."

"दोऱ्याचं काय विचारायचं? तुला हवा तर नवा आणून देतो. अख्खी रिळं आणतो."

चहा ठेवला आणि गेली. दोऱ्यासाठी माणूस एवढं मनाला लावून घेतं का? गुडघ्याचं काहीतरी करायला हवं.

१ मार्च, सोमवार

लिहिलं : शून्य.

खोक्यांच्या नावांचे कागद नीट दिसत नव्हते म्हणून पुन्हा मोठ्या अक्षरात लिहिले. "इतर" खोकं ओसंडून वाहतंय. त्यासाठी "इतर २" केलं.

"विनोदी" मधल्या शंभर चिठ्ठ्या ओळीने वाचल्या. एकदाही हसू आलं नाही. "टक्कल पडलं ते बरं, भांडणात धरायला काही राहिलं नाही." कोण म्हणालं? कधी? कुणाशी भांडण? हे वाक्य मी हिला सांगितलं तेव्हा ही... जाऊ दे. आठवत नाही. नुसती वाक्यं वाचणं म्हणजे कापलेल्या केसांवरून चेहरा ओळखण्यासारखं आहे.

संपादकबाईंचा फोन. "कुठवर आलंय?"

"वर्गवारी पूर्ण झाली," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "छान. आता गोष्टी?"

संध्याकाळी हिने "आज काय?" विचारलं नाही. किती दिवस विचारलेलं नाही तेही लक्षात नाही.

६ मार्च, शनिवार

मुलीचा फोन आला तो हिने घेतला. दाराच्या फटीतून कानावर आलं ते असं : "नाही गं, भांडण कसलं... येते तुझ्याकडे पंधरा दिवस... नाही, त्यांचं झालं की. तारीख आहे ना त्यांची... हो, बोळातच शिवते... डोळ्यांना काय धाड भरलीये, अंधाराचीही सवय होते."

ऐकायची एवढी सवय, पण हे मुद्दाम ऐकलं नाही. कानावर आलं.

एक बरं आहे. ही गेली तर घर शांत होईल आणि काम होईल. असं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मास्तरांची अट आहे वहीत खोटं नको म्हणून. ही गेली तर काम होईल याची मला अजिबात खात्री नाही.

९ मार्च, मंगळवार

दाढीचा वैताग आला म्हणून सलूनमध्ये गेलो. मधल्या खुर्चीत बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी खुर्चीत आणि दुसरा मागे. भिंतीवर भावाने टीव्ही लावलाय. दोन्ही बाजूची गिऱ्हाइकं मान वर करून त्याच्याकडे बघतायत, कुणी चकार शब्द काढत नाही. कात्र्या चालतायत, तोंडं बंद. मला कसंसंच झालं.

"हे काय लावलंस?"

"दादा, लोकांना विरंगुळा लागतो. तू होतास तेव्हा तू होतास. मला कुठे जमतं बोलतं करायला?" भावाने माझ्या गालाला साबण लावला. "बरं, परवा वहिनी येऊन गेली."

"इथे? कशाला?"

"काय माहीत. त्या कोपऱ्यातल्या बाकावर तासभर बसली. मी म्हटलं, वहिनी, काही हवंय का? म्हणाली, नाही, तुमचं चालू द्या, मी नुसती ऐकतेय. मग जाताना विचारलं, हा टीव्ही बंद होत नाही का?"

गुडघा दुखतो म्हणून घरात धड चालत नाही, आणि चार गल्ल्या ओलांडून पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन बसते. बाईमाणसाचं कळत नाही.

१४ मार्च, रविवार

आज संपवलं.

सकाळी सहाला बसलो. नऊपर्यंत एक वाक्य झालं : "तो एक साधा माणूस होता." हे वाक्य वाचून मला स्वतःची इतकी शिसारी आली की सांगता सोय नाही. एकतीस वर्षं माणसांच्या मानगुटीमागे उभं राहून मी हे शिकलो? कुठला माणूस साधा असतो? मी काही लेखक नव्हे. न्हाव्याला कुणीतरी चढवलं आणि तो चढला.

खोकी उचलली. पाचही, आणि "इतर २". बाहेरच्या कचऱ्याच्या पिंपाकडे निघालो. ही दारात मुलीकडे जायची पिशवी भरत होती.

"कुठे निघालात?"

"टाकायला."

"सगळं?"

"सगळं. सलूनमध्ये परत जातो. लोक हसतील तर हसू देत."

तिने वरच्या खोक्यातली एक चिठ्ठी उचलली. वाचली नाही. खिडकीजवळ जाऊन उजेडासमोर धरली. मग माझ्या हातातली खोकी खाली ठेवायला लावली, "इतर" मध्ये हात घालून चाळत बसली. पंधरा मिनिटं तरी गेली असतील. मी मूर्खासारखा उभा. मग दुसरी चिठ्ठी काढून पहिलीवर ठेवली आणि दोन्ही उजेडासमोर धरून मला म्हणाली, "बघा."

दोन्ही कागदांना वरच्या कोपऱ्यात सुईची सहा भोकं. एकावर एक ठेवली की आरपार उजेड दिसतो, सहाच्या सहा. आणि एका भोकात लाल तंतू अडकलेला.

पहिली चिठ्ठी : "डॉक्टर म्हणाले चाला. मी विचारलं, कुणाकडे?"

दुसरी : "बूट नवेच आहेत. तिनेच आणले होते, एक नंबर मोठे. बदलायचे राहून गेले."

"एकाच माणसाच्या आहेत," ही म्हणाली. "चष्मेवाला. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा केस कापायला आला होता. बुटांत कागद कोंबून चालत आला, असं तुम्हीच सांगितलंत. विसरलात?"

मी एक विनोदी म्हणून लावली होती. दुसरी "इतर".

"तुला कसं लक्षात?"

"त्या दिवशी मी मशीन थांबवलं होतं ना."

मला कळेना. तिने शेवटी सरळ सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. दर संध्याकाळी मी बोलायचो, ती शिवायची. बोलणं ठीकठाक असलं की मशीन चालू आणि चिठ्ठ्यांना पांढरा दोरा. पण कधीतरी पाय आपोआप थांबायचा. त्या दिवसाच्या चिठ्ठ्या लाल दोऱ्याने.

"छापून आलेल्या दहाही?"

"मग! तुम्ही जेवताना विचारायचात ना, कुठली लिहू? मी लाल बघून सांगायचे."

मी विचारायचो? विचारत असणार. मला आपलं वाटत होतं, मीच निवडतो.

"आणि हे आधी का नाही सांगितलंस?"

"दारावर पाटी होती," ही म्हणाली.

१५ मार्च, सोमवार

भावाला बोलावून टेबल बोळात टाकलं, मशीन आणि स्टूल खिडकीखाली आणलं. भाऊ म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यात कुठे न्यायचंय तेवढं आधी सांगून ठेव." पाटी काढली. तिच्यामागे भिंतीचा पोपडा निघाला.

हिने मुलीला फोन करून सांगितलं, आत्ता नाही जमत, घरात पसारा आहे.

पसारा आहेच. सहा खोकी जमिनीवर उपडी केली आहेत. तंतू अडकलेल्या चिठ्ठ्या ही निवडते, मी भोकं जुळवतो. माझी नजर केसांची, हिची टाक्यांची. "अहो, हा दोन टाक्यांचा आहे, तो चार टाक्यांच्यात कशाला घुसवताय?" दिवसभरात चार गड्ड्या जुळल्या. काही कधीच जुळणार नाहीत. माझी कात्री फार चांगली चालते, तिने कागदाचे कोपरेही नेलेत. मीच कापलं, आणि वर शिट्टी वाजवत कापलं.

सकाळचे तीन तास सलूनमध्ये उभा राहिलो. टीव्ही बंद. पहिलं गिऱ्हाईक दहा मिनिटं गप्प होतं. मग म्हणालं, "तुम्ही होता कुठे हो इतके दिवस?" आणि सुरू झालं.

२४ मार्च, बुधवार

लिहिलं : तीन गोष्टी. सलूनमधल्या काउंटरवर, उभ्यानेच, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये. वेळापत्रक मास्तरांना परत केलं. त्यांनी केळ्याचा डाग पाहिला आणि चष्मा काढून पुन्हा पाहिला. "आज किती ओळी?" असं मात्र विचारलंच.

हिचं पूर्वीचं बोलणं अजून परत आलेलं नाही. कामापुरतं बोलते. मी सांगतो ते ऐकते, मशीन चालू ठेवते. चष्मेवाल्याची गोष्ट लिहून वाचून दाखवली. म्हणाली, "बरी झाली."

३० मार्च, मंगळवार

पाच झाल्या. उद्या द्यायच्या आहेत, सहावी नाही. जुळलेल्या लाल गड्ड्या संपल्या. उरलेल्या चिठ्ठ्यांना कोपरेच नाहीत. आज सलूनमध्ये कान लावून होतो, पण सगळे नुसते हवेबद्दल बोलत होते. पाच गोष्टींवर बाई काय म्हणतील त्या म्हणतील.

संध्याकाळी स्टुलावर टेकलो. ही उशांचे अभ्रे शिवत होती. "आज काय?" तिने विचारलं नाहीच. मीच सुरू केलं. हवेचं सांगितलं. मशीन चालू. मास्तर सहा मिनिटं उशिरा आले आणि स्वतःवरच रागावले, ते सांगितलं. मशीन चालू. भाऊ टीव्ही विकायला काढतोय ते सांगितलं. मशीन भरधाव.

खिशात एकही चिठ्ठी नव्हती. मग मी म्हटलं, "आज एक गिऱ्हाईक आलं होतं. माझ्याच वयाचं. आठ दिवसांची दाढी. म्हणालं, माझी बायको तीस वर्षं माझे दिवस टाचून ठेवत होती. आणि मी काय केलं, एक चांगली धार लावलेली कात्री घेतली..."

मशीन थांबलं.

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं सांगता आलं नसतं. खाली मान घालून, स्टुलाच्या कडेवर नख घासत बसलो.

"मग?" ही म्हणाली. "पुढे काय केलं त्याने?"